स्लायडर सरकतो किती, सूर बदलतो किती?

आमच्या कळंब्यात काय किंवा तुमच्या गावात काय, भजनाला पेटी असतेच. त्या पेटीशी संगणकावरचा पियानो जुळवून पाहण्याचा खटाटोप तुमच्यापैकी काहींनी केला असेल. पडद्यावर एका खाचेत सरकणारे बटण असते, त्याला स्लायडर म्हणतात. ते उजवीकडे नेले की सूर चढतो, डावीकडे नेले की उतरतो. पण पुष्कळदा खालच्या सप्तकात हवा तो सूर सापडतच नाही. बटण जरासे हलवावे तर सूर पुढे निघून जातो, मागे घ्यावे तर कमी पडतो. मग ‘मला कानच नाही’ असे म्हणून मुले नाद सोडून देतात. दोष बहुधा कानाचा नसतो. स्लायडरवर आकडे कसे मांडले आहेत, याचा असतो.

कागदावर १२ सेंटिमीटर लांबीची रेघ काढा. डाव्या टोकाला २२० लिहा, उजव्या टोकाला ८८०. हे आकडे कंप्रतेचे, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांचे आहेत. त्यांचे एकक हर्ट्‌झ. कंप्रता दुप्पट झाली की सूर एक सप्तक वर जातो. तेव्हा २२० ते ४४० हे एक सप्तक आणि ४४० ते ८८० हे दुसरे. आता समान अंतराला समान हर्ट्‌झ या हिशोबाने ४४० ची खूण करा. ती कोठे आली? डाव्या टोकापासून अवघ्या ४ सेंटिमीटरवर! खालच्या सप्तकाला ४ सेंटिमीटर आणि वरच्याला ८. पियानोत सप्तकाच्या १२ सारख्या पायऱ्या असतात. या रेघेवर अगदी खालच्या पायरीला सुमारे २.४ मिलिमीटर जागा मिळते आणि सर्वांत वरच्या पायरीला ९ मिलिमीटर. कानाला मात्र दोन्ही पायऱ्या सारख्याच वाटतात, कारण कान कंप्रतांची वजाबाकी करत नाही, भागाकार करतो.

पेटीच्या पांढऱ्या पट्ट्या पाहा. खर्जातली पट्टी अरुंद आणि तारसप्तकातली रुंद असे कधी असते का? प्रत्येक सप्तकाला सारखीच जागा. पायरी चढताना कंप्रतेला १.०५९५ ने गुणायचे. असे बारा वेळा केले की ती दुप्पट होते. आपल्या रेघेवरही हीच मांडणी केली तर ४४० बरोबर मध्यावर येईल आणि प्रत्येक पायरीला ५ मिलिमीटर मिळतील. हिला लघुगणकी मांडणी म्हणतात. लघुगणकाचे धडे निरुपयोगी वाटणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर करून पाहावे.

आता बटणाच्या पावलाकडे वळू. समजा स्लायडरची पूर्ण लांबी २०० पावलांची आहे. हर्ट्‌झच्या समान मांडणीत एका पावलाला ३.३ हर्ट्‌झ पडतात. पियानोच्या एका पायरीचे १०० भाग केले तर प्रत्येक भागाला सेंट म्हणतात. त्या मापाने खालच्या टोकाला एक पाऊल जवळजवळ २६ सेंटचे होते, वरच्या टोकाला साडेसहाचे. लघुगणकी मांडणीत मात्र ते सगळीकडे १२ सेंटचे.

बारा सेंट म्हणजे थोडे झाले का? सा २४० हर्ट्‌झ धरा. त्याच्याशी ५:४ या गुणोत्तरात असलेला शुद्ध गंधार ३०० वर येतो. पियानोचा गंधार येतो ३०२.४ वर. फरक सुमारे १४ सेंटचा. पण सा आणि पियानोचा ग एकत्र धरा, आवाज सेकंदाला नऊ-दहा वेळा थरथरतो. (सा चा पाचवा उपस्वर १२००, ग चा चौथा सुमारे १२०९.५, ही थरथर त्या वजाबाकीची.) सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी असल्याच गुणोत्तरांवर बावीस श्रुतींचा हिशोब मांडून १९१० मध्ये तो इंग्रजीत प्रसिद्ध केला. हे गृहस्थ पेशाने डेप्युटी कलेक्टर होते!

काही संगणकी पियानोंत प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे लावता येतो. तेथे ३.३ हर्ट्‌झच्या पावलाने २.४ हर्ट्‌झ उतरायचे कसे? सूर ३०० च्या खाली घसरतो. लघुगणकी स्लायडरवर एका पावलाने काम भागते, पण तो योगायोग. पंचमाचा फरक फक्त २ सेंटचा. तेथे १२ सेंटचे पाऊल अगदीच आडमुठे ठरते. म्हणजे मांडणी सुधारली तरी पल्ला आखडल्याशिवाय बारीक काम होत नाही. तोच २०० पावलांचा स्लायडर ५० सेंट वर आणि ५० सेंट खाली एवढ्यापुरता ठेवा. पाऊल अर्ध्या सेंटचे होईल.

मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांना हे नवे नाही. तेथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची खुंटी पिळून सूर ढोबळ लावतात, कारण तिचा पल्ला मोठा. मग घोडीच्या खाली तारेत ओवलेला मणी किंचित खाली सरकवतात. तार जराशीच ताणली जाते आणि सूर जागेवर बसतो. मण्याने कोणी सा चा म करू पाहत नाही. चांगल्या संगणकी पियानोतही खुंटी आणि मणी असे दोन स्लायडर हवेत.

आवाज लहानमोठा करणाऱ्या स्लायडरचीही हीच गत आहे. ध्वनिलहरीचा आयाम समान पावलांनी वाढवणारा २०० पावलांचा स्लायडर घ्या. वरची १०० पावले उतरली तरी आवाज ६ डेसिबेलच कमी होतो. पण विसाव्या पावलावरून दुसऱ्यावर येताना तब्बल २० डेसिबेल घसरतो. १२ सेंटिमीटरच्या रेघेवर या चार खुणा करून पाहा, आणि मग वर्गातल्या स्पीकरचे बटण तळाशी नेताना आवाज कसा ‘पडतो’ ते ऐका.