पणजोबांची ठासणीची बंदूक: परवाना लागतो का?

प्रश्न : अंबाजोगाईजवळच्या आमच्या जुन्या वाड्यात निजामकाळातली ठासणीची बंदूक सापडली. चाप गंजला आहे. शोभेसाठी दिवाणखान्यात लावली तर चालेल का?
– एक वाचक, जि. बीड

उत्तर : आधी ती पोलिसांना दाखवा, मगच भिंतीवर लावा. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 45 नुसार कालबाह्य, पुराणमूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला हा कायदा लागू होत नाही. मात्र दुरुस्ती करूनही ते बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशी त्याची अवस्था हवी. गंजलेला चाप लोहार बदलून देऊ शकतो. त्यामुळे नुसत्या गंजावर विसंबू नका. 2020 च्या नियमदुरुस्तीनुसार ‘क्युरिओ’ (दुर्मीळ, संग्राह्य वस्तू) गटातली छोटी शस्त्रे बाळगण्यास परवाना लागत नाही, पण वापरायला आणि घेऊन फिरायला लागतो. आपली बंदूक त्या गटात बसते का, हे स्वतः ठरवू नये.

पोलीस ठाण्यात लेखी माहिती द्या, पोच घ्या आणि बीडच्या जिल्हादंडाधिकारी कार्यालयाकडून लेखी निर्णय मागा. बंदूक चालू ठरली, तर वारसाहक्काचा परवाना मागता येतो. 2019 पासून एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. विनापरवाना बंदुकीला साधारण दोन ते पाच वर्षे कैद आहे.

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर बीडमध्ये शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. अशा जिल्ह्यात पूर्वजांची आठवण जपायची, तर कागद चोख हवेतच.