डागी गिटारची परीक्षा

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागातील मराठी घरांना पेटी, तबला, पखवाज, टाळ आणि वीणा ही वाद्ये नवी नाहीत. एकादशीच्या भजनात ती कानांवर पडतच आपण लहानाचे मोठे झालो. गिटार मात्र या भागात अलीकडची पाहुणी आहे. भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद येथील बाजारात तिची निवड करण्यास फारसा वाव नाही. बीदरहून हैदराबाद गाठावयाचे तर सुमारे दीडशे किलोमीटरचा प्रवास. साहजिकच मुले घरबसल्या फोनवरून गिटार मागवितात, आणि त्यातही स्वस्त मालाकडे त्यांची दृष्टी प्रथम जाते.

हा स्वस्त माल दोन प्रकारचा असतो. कारखान्यातच काही उणीव आढळल्यामुळे जो पहिल्या प्रतीतून बाजूस काढला जातो, तो सेकंडचा माल. अमेरिकेतील गिब्सन या प्रसिद्ध कंपनीच्या अशा गिटारींच्या माथ्यामागे दुसऱ्या प्रतीची खूण ठोकलेली आढळते. दुसरा प्रकार खोके उघडलेल्या मालाचा. कोणी गिटार मागविली, पाहिली आणि परत केली. ती पुन्हा कमी किमतीस विक्रीस येते. ती का परत आली, हे बहुधा कोणी सांगत नाही.

अशा मालाकडे पाठ फिरवावी असे आम्ही म्हणणार नाही. तथापि डाग आणि दोष यांतील भेद ग्राहकास ओळखता आला पाहिजे. आपल्या बीदरची बिदरी कारागिरी पाहा. जस्त-तांब्याच्या मिश्र धातूवर चांदीची तार ठोकून बसवितात आणि किल्ल्यातील मातीच्या साहाय्याने त्या धातूस गडद काळा रंग आणतात. तेथे रंग फिका पडला तर वस्तूच उणी ठरते, कारण तिचे मोल तिच्या रूपात आहे. गिटारचे तसे नाही. पाठीवरचा ओरखडा किंवा रोगणाचा ओघळ डोळ्यांस खुपेल, पण कानास त्याचा पत्ताही लागणार नाही.

याउलट अनुभव आमच्या एका विद्यार्थ्यास आला. तुरीचे पैसे हाती आल्यावर वडिलांनी त्यास साडेचार हजारांची गिटार घेऊन दिली. मूळ किंमत साडेसात हजार होती, आणि उणीव म्हणून केवळ 'रोगणावर किरकोळ डाग' असे लिहिलेले होते. मुलाने तीन आठवडे नेटाने सराव केला. तारा सुरात लावाव्यात, तर मोकळी तार बरोबर बोले. बोट दाबले की स्वर चढा लागे. घरातील मंडळी म्हणाली, "तुला कानच नाही." त्यालाही ते खरे वाटू लागले, आणि त्याने गिटार खोक्यात घालून माळ्यावर टाकली. पैसे गेले याचे आम्हास तितके वाईट वाटले नाही, जितके त्या पोराच्या मनात बसलेल्या या समजुतीचे वाटले.

वस्तुतः दोष त्याच्या कानाचा नव्हता. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. स्वर चुकीचा लागला तर वाजविणारा पडदा किंचित सरकवून घेतो. मिरजेच्या ज्या सतारीस आणि तंबोऱ्यास 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेथील कारागीर पडद्यांची अखेरची जुळणी कानाने करतात. गिटारचे पडदे मात्र दांडीत कायमचे ठोकलेले असतात. त्यांच्या जागा गणिताने ठरतात, आणि तारा ज्या घोडीवर टेकतात तिची जागाही त्याच गणिताने ठरते. घोडी चुकीच्या जागी चिकटविली, की सारे पडदे एकदम चुकीचे ठरतात.

हे गणित नववीच्या विद्यार्थ्यास सहज समजेल. एका सप्तकाचे बारा अर्धस्वर करावयाचे असल्याने प्रत्येक पडद्यागणिक तारेची उरलेली लांबी 17.817 या संख्येने भागावी. येणारा भागाकार म्हणजे पुढील पडद्याचे अंतर. तार 65 सेंटिमीटर असेल तर पहिला पडदा वरच्या पट्टीपासून सुमारे 3.65 सेंटिमीटरवर येतो, आणि बारावा बरोबर मध्यावर, साडेबत्तीसवर. बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंतचे अंतर याहून एकदोन मिलिमीटर, जाड तारांस थोडे अधिक, जास्त ठेवतात, कारण बोट दाबताना तार ताणली जाऊन स्वर चढतो. आमच्या विद्यार्थ्याच्या गिटारीत हे अंतर जास्त असण्याऐवजी सुमारे अर्धा सेंटिमीटर कमी भरले.

मोजपट्टी नसली तरी कान आहेच. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेस बोट केवळ टेकवावे, दाबू नये, आणि तार छेडून बोट लगेच उचलावे. घंटेसारखा वरच्या सप्तकाचा स्वर निघतो. मग त्याच पडद्यावर बोट दाबून तार छेडावी. दोन्ही स्वर एक आले तर घोडी जागेवर आहे. दाबलेला स्वर स्पष्ट चढा आला तर गिटार कितीही चकचकीत असो, ती परत करण्याच्या योग्यतेची समजावी. अर्थात तारा फार उंच असल्यानेही स्वर थोडा चढतो, म्हणून बाराव्या पडद्यापाशी तारेची उंची पाहावी. ती तीन मिलिमीटरच्या आत असलेली बरी. दांडी डोळ्यांसमोर धरून तिच्या कडेने बंदुकीचा नेम धरल्याप्रमाणे पाहिले म्हणजे बाक कळतो. किंचित बाक आतील लोखंडी सळईचा स्क्रू फिरवून निघतो, पण पीळ निघत नाही. पोलादी तारांचा एकूण ताण 70 किलोच्या आसपास असतो, तेव्हा घोडीमागची फळी फुगली आहे काय, घोडीखाली कागद शिरण्याइतकी फट आहे काय, हेही पाहावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या वाद्याची फट तेथे वाढतच जाते.

हे सारे पार्सल आल्याच्या दिवशीच करावे. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांना विक्रेत्याने सात दिवसांची मुदत संपल्याचे सांगितले आणि ते गप्प बसले. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष किंवा जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याने नकार देता कामा नये, हे त्यांस ठाऊक नव्हते. खरे तर आम्हासही तेव्हा नव्हते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि 2019 च्या कायद्याप्रमाणे ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेत्याच्या शहरी जावे लागत नाही. मात्र जो दोष विक्रेत्याने आधीच लिहून दिला, त्याबद्दल मागाहून तक्रार चालत नाही. म्हणून विकत घेतानाच्या वर्णनाचे चित्र फोनमध्ये जपून ठेवावे आणि खोके उघडताना चलच्चित्र घ्यावे.

ती गिटार आता आमच्या प्रयोगशाळेत आहे. नववीचे विद्यार्थी मोजपट्टी घेऊन तिची चूक मिलिमीटरमध्ये काढतात. त्या मुलाने यंदा दुसरी घेतली, तीही सेकंडचीच. तिच्या पाठीवर हातभर ओरखडा आहे, आणि बाराव्या पडद्यावरचे तिचे दोन्ही स्वर एक लागतात.