ट्रंपेटवरील स्वरांचा रियाज

रियाज म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर तंबोरा उभा राहतो. वरातीत ट्रंपेट फुंकणाऱ्यालाही रियाज करावा लागतो, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. आमच्या घरी बँडचा व्यवसाय दोन पिढ्यांचा. कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडिलांनी हे वाद्य कानाने आत्मसात केले. त्यामागचे शास्त्र कागदावर उतरवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

ट्रंपेटला कळा तीनच. दुसरी दाबली की आवाज अर्ध्या सुराने उतरतो, पहिलीने एका, तर तिसरीने दीड सुराने. सा, प आणि वरचा सा हे कळ न दाबता, केवळ ओठ व श्वास यांच्या बळावर निघतात. बिलावलातील बाकीचे स्वर असे : रे – पहिली व तिसरी, ग – पहिली व दुसरी, म – पहिली, ध – पहिली व दुसरी, नि – दुसरी. नेहमीच्या ट्रंपेटचा हा सा पेटीच्या काळी पाचवर येतो.

येथे एक गोष्ट लक्षात येईल. ग आणि ध यांची बोटे एकच आहेत! म्हणून नुसती बोटे पाठ करून सप्तक साधत नाही. आधी स्वर गळ्याने म्हणावा, मगच फुंकावा. रे किंचित चढा लागतो. त्यासाठी तिसऱ्या कळेची नळी थोडी बाहेर सरकवावी. रे वरून ग वर जाताना तिसरे बोट उठते त्याच क्षणी दुसरे पडावे लागते. सबंध सप्तक दहादा घोटण्यापेक्षा ही एक जोडी विलंबित लयीत घोटावी, आणि ती साफ झाल्यावरच लय वाढवावी.

अमेरिकन वादक हर्बर्ट क्लार्क यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासपुस्तकात अगदी हळू आवाजात सराव करण्यावर भर दिला आहे. त्याने ओठांवर ताण कमी पडतो आणि शेजारीही रागावत नाहीत.

जितका वेळ वाजवावे तितकीच विश्रांती घ्यावी. वरचे स्वर काढण्यासाठी माउथपीस ओठांवर दाबला, तर रक्त अडते व ओठ बधिर होतो. लग्नसराईत तासन् तास वाजवणाऱ्याला हे परवडणारे नाही. "ओठ गेला की पोट गेलं," असे वडील म्हणतात.

मित्रहो, पुढच्या वरातीत नाचताना घटकाभर थांबून ट्रंपेटवाल्याचा रे नीट ऐका. त्या एका स्वरामागे किती सकाळी खर्ची पडल्या असतील, याचा अंदाज येईल.