तिथीची पाऊणकी

अलिबागच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली उभे राहिले, म्हणजे समोर पाण्यात एक काळसर तट दिसतो. हाच कुलाबा किल्ला. किनाऱ्यापासून एक-दीड किलोमीटरवर असलेल्या एका लांबट खडकावर तो बांधलेला आहे. खडकाची लांबी पावणेतीनशे मीटरांच्या आसपास आणि रुंदी तिच्या निम्म्याहूनही कमी. दिवसातून दोन वेळा समुद्र त्याला चहूकडून वेढतो, आणि दोन वेळा त्याला सोडून मागे जातो. भरतीच्या वेळी जेथून होड्या जातात, तेथूनच ओहोटीच्या वेळी माणसे ओल्या वाळूतून व शेवाळलेल्या खडकांवरून पायी जातात. घोडागाडीही जाते, तिची चाके मात्र पुष्कळदा पाण्यातूनच फिरत असतात.

बालमित्रांनो, अशा बेटावर दोन दिवसांच्या सुटीत जावयाचे झाले, तर बेत कसा आखावा? इतर ठिकाणी जाताना आपण वडिलांची रजा, गाडीची वेळ, उतरण्याची जागा आणि हाती असलेला पैसा यांचा विचार करतो. येथे या साऱ्यांच्या आधी एक प्रश्न विचारावा लागतो : समुद्राला सवड केव्हा आहे? समुद्र कोणाच्या रजेकडे पाहत नाही. त्याचे वेळापत्रक चंद्राच्या हाती असते. चंद्राच्या आकर्षणामुळे पाणी फुगते; सूर्यही ओढतो, पण त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून कमी पडतो. आपल्या किनाऱ्यावर सुमारे सहा तास पाणी चढते व सुमारे सहा तास उतरते. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे 50 मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तितकीच मागे पडते.

आता तुमच्या आजोबांना विचारा, लहानपणी त्यांनी कोणकोणते पाढे पाठ केले होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी मोठी माळच ते म्हणून दाखवतील. त्यांतील पाऊणकी कोकणातल्या माणसाला समुद्राकाठी फार उपयोगी पडे. अमावास्येला व पौर्णिमेला मुंबई-अलिबागकडील किनाऱ्यावर पूर्ण भरती बाराच्या सुमारास येते. पुढे ज्या दिवशी भरतीची वेळ काढावयाची, त्या दिवसाच्या तिथीची पाऊणकी करावी. चतुर्थी असेल, तर चाराची पाऊणकी तीन. म्हणजे भरती तीन वाजता. तीच दुपारी आणि तीच रात्री. त्यातून सहा तास मागे आले, की ओहोटी मिळते : सकाळी नऊ. अष्टमीला आठाची पाऊणकी सहा. म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळ सहाला आणि ओहोटी भर दुपारी बाराला. शुद्ध पक्ष असो वा वद्य पक्ष असो, रीत एकच.

हे वाचून कोणी चतुर विद्यार्थी म्हणेल, “मग अष्टमीलाच जावे. बाराला ओहोटी, म्हणजे सकाळी आरामात उठावे, न्याहारी करावी आणि उन्हं वर आल्यावर चालत जावे.” विचार सोयीचा आहे, पण समुद्र त्यात फसवील. अमावास्या व पौर्णिमा यांच्या आसपास चंद्र आणि सूर्य एकाच रेषेत येऊन पाणी ओढतात. त्या वेळी भरती फार चढते आणि ओहोटीही फार खाली जाते. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ एकमेकींना आडवी येते. तेव्हा पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही. ही भांगाची भरती. मुंबईजवळ उधाणाच्या दिवसांत भरतीच्या व ओहोटीच्या पातळीत सरासरी साडेतीन मीटरांहून अधिक अंतर पडते, तर भांगाच्या दिवसांत ते दीड मीटराच्या आसपास असते. म्हणजे अष्टमीला बारा वाजता ओहोटी असेल खरी, पण किल्ल्याची वाट पाण्याखालीच राहण्याचा संभव असतो. किल्ला समोर दिसतो आणि पाय काठावर थांबतात.

तेव्हा आपल्याला असा दिवस हवा, की ज्या दिवशी उधाणाचा जोर टिकून असेल आणि ओहोटीही उजेडात येईल. अमावास्येला पाणी खूप उतरते, पण सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. पहिली वेळ अंधुक उजेडाची आणि दुसरी काळोख पडण्याची. या दोन्ही वेळी नवख्या माणसाने खडकांतून जाऊ नये. उलट तृतीया, चतुर्थी आणि पंचमी या तिथींना पाऊणकीप्रमाणे ओहोटी सकाळी सव्वाआठ, नऊ आणि पावणेदहा अशी येते. उधाणाचा जोर अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनीच सर्वांत अधिक असतो, त्यामुळे या तिथींना पाणी अजून चांगले उतरते. त्रयोदशीची दुपारही चालण्यासारखी आहे. पण हिवाळ्यात सूर्य लवकर मावळतो, म्हणून तिला आपण मागे ठेवू.

आता दिनदर्शिका उघडा. दिवाळीत लक्ष्मीपूजन अमावास्येला आणि भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला. शाळेला सुटी आहे, पावसाळा सरला आहे, समुद्र शांत झाला आहे. भाऊबीजेची ओवाळणी उरकून तृतीयेला घर सोडावे, चतुर्थीच्या सकाळी किल्ला पाहावा, आणि काही कारणाने ती सकाळ हुकली तर पंचमी हाताशी ठेवावी. बेटाच्या सहलीत असा एक राखीव दिवस असलाच पाहिजे. पुष्कळ लोक तो ठेवत नाहीत, आणि मग वेळ टळून गेली असतानाही हट्टाने पाण्यात उतरतात.

येथवर पाऊणकीने आपल्याला दिवस निवडून दिला. वेळ मात्र तिच्यावर सोपवू नये. का ते तुम्हीच करून पाहा. पौर्णिमेची पंधरावी तिथी घ्या. पंधराची पाऊणकी सव्वाअकरा; आणि भरती तर पुन्हा बाराच्या सुमारास यावयास हवी! पाऊण तास कोठे हरवला? बारा तास पंधरा तिथींत वाटले, तर प्रत्येक तिथीला 48 मिनिटे येतात. पाऊणकी 45 धरते. दर तिथीला तीन मिनिटांची ही तूट साचत जाते. शिवाय भरती रोज सारख्याच अंतराने मागे पडत नाही. उधाणाच्या दिवसांत ती पाऊण तासाहून कमी मागे पडते, तर भांगाच्या दिवसांत तासाहूनही अधिक. म्हणून पाऊणकीचे उत्तर अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होते. घरी बसून बेत करणाऱ्याला एवढा फरक क्षुल्लक वाटतो. किल्ल्यात उभ्या असलेल्या माणसाला तो क्षुल्लक नसतो. समजा, चतुर्थीला पाऊणकीने नऊची ओहोटी सांगितली, आणि प्रत्यक्षात ती 8 वाजून 20 मिनिटांनीच झाली. पाऊणकीवर विसंबून जो साडेनऊला परत निघेल, त्याच्या आधी पाणी सत्तर मिनिटे चढत असेल.

आणि पाणी कसे चढते, हेही जाणून घेण्यासारखे आहे. सहा तासांत ते सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग असे ते ढोबळमानाने चढते. साडेतीन मीटरांच्या उधाणात पहिल्या तासात जेमतेम फूटभर पाणी वाढते. त्यामुळे ओहोटी अजून चालूच आहे, असे पाहणाऱ्यास वाटत राहते. पण तिसऱ्या एका तासात जवळजवळ 90 सेंटिमीटर वाढ होते. सहा वर्षांच्या मुलाच्या छातीला पाणी लागावे एवढी! शिवाय ते समोरून लाटा मारीत येईलच असे नाही; किनाऱ्याच्या व किल्ल्याच्या मधल्या सखल जागेत ते बाजूंनी गुपचूप भरू लागते. परतणाऱ्याला किनारा जवळ दिसत असतो, पण मधला पट्टा खोल झालेला असतो.

यासाठी त्या वर्षीचे छापील भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी अशी कोष्टके प्रसिद्ध करतो. मुंबईच्या वर्तमानपत्रांतूनही त्या दिवसाच्या वेळा मिळतात. आणि कोष्टक पाहिले, तरी काठावरच्या माणसाला विचारल्यावाचून पाण्यात पाऊल टाकू नये. जाळे नीट करीत बसलेल्या एखाद्या वृद्ध कोळ्याजवळ जाऊन विचारावे, “आजोबा, आज पाणी केव्हा फिरेल?” ते आकाशाकडे व पाण्याकडे एकवार पाहून म्हणतील, “सव्वाआठाच्या पुढं फिरल, पोरांनो. देवाला हात जोडा आन् मागं फिरा, बसू नका.” वाऱ्याने पाणी अडले आहे काय, वाटेतील वाळू कोठे खचली आहे, हे कोष्टकात लिहिलेले नसते.

आता माणसांचा हिशेब. समजा, आजी बरोबर आहेत. चतुर्थीच्या दिवशी किल्ल्यातील सिद्धिविनायकाचे दर्शन घडावे, ही त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. धाकट्या भावाला तोफा पाहावयाच्या आहेत. तुम्ही एकटे धावलात, तर पंधरा-वीस मिनिटांत किल्ला गाठाल. आजींना पाऊण तास लागेल. बेत नेहमी सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पायांनी मोजावा. ओहोटी 8 वाजून 20 मिनिटांची असेल, तर सात वाजता पाणी कितपत ओसरले आहे ते पाहून, आणि काठावरच्यांनी होकार दिल्यावर निघावे. पावणेआठाला महादरवाजा गाठावा, नऊच्या आत परत फिरावे. वेळ फार थोडा उरतो, हे खरे. आजींना घोडागाडीत बसवले, तर जाण्यायेण्याची मिळून तासाभराची बचत होईल. तेवढा खर्च करावा. तो वायफळ नव्हे.

किल्ल्यात काय पाहावे, हे आधीच ठरवले म्हणजे सवातास पुरतो. शिवाजी महाराजांनी 1680 साली या खडकावर बांधकामास प्रारंभ केला. संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे मुख्य ठाणे झाले. 1721 साली इंग्रज व पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन कुलाब्यावर स्वारी केली, पण त्यांना किल्ला घेता आला नाही. आत शिरताना तटाचे दगड जवळून पाहा. मोठमोठे चिरे एकावर एक नुसते रचलेले आहेत, त्यांच्या सांध्यांत चुना नाही. लाट आपटली, की तिचे पाणी फटींतून आत शिरते, आणि तिचा मार मोडतो. तट बांधणाऱ्यांना समुद्राचा स्वभाव ठाऊक होता.

महादरवाजावरील नक्षीत प्राणी आणि पक्षी कोरलेले आहेत. ते मोजण्याचे काम धाकट्यावर सोपवावे. आत सिद्धिविनायकाचे मंदिर आहे. ते राघोजी आंग्रे यांनी 1759 साली बांधले. गणपतीबरोबर शिव, विष्णू, सूर्य आणि देवी यांच्या मूर्ती असल्यामुळे त्याला पंचायतन म्हणतात. मंदिरासमोर पायऱ्यांची पुष्करणी आहे आणि जवळच गोड्या पाण्याची विहीर. चारी बाजूंना खारट समुद्र असताना या खडकाच्या पोटात गोडे पाणी मिळाले, म्हणूनच येथे शिबंदी राहू शकली. किल्ल्यात एक दर्गाही आहे. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत. त्यांवर 1849 हे साल वाचावयास मिळते. म्हणजे त्या आंग्र्यांच्या लढायांतल्या नव्हेत. त्याच बाजूला थोड्या अंतरावर सर्जेकोट नावाचा लहानसा कोट आहे. वेळ उरला तर तो पाहावा, न उरला तर तटावरूनच पाहावा.

प्रवासाविषयी फार सांगावयास नको. मुंबईहून गेटवेवरून लाँचने किंवा भाऊच्या धक्क्यावरून, 2020 साली सुरू झालेल्या मोटारी वाहून नेणाऱ्या बोटीने, मांडव्यास उतरावे; तेथून अलिबाग वीसएक किलोमीटर आहे. खुष्कीच्या मार्गाने पेण व वडखळ यांवरून एस. टी. जाते. दिवाळीत गर्दी लोटते, म्हणून उतरण्याची सोय आधीच करावी. सामान थोडे असावे : खडकांवर न घसरणारी पायताणे, डोक्याला टोपी, प्रत्येकाला पिण्याचे पाणी, आजींसाठी काठी, आणि घड्याळ. शेवटचे विसरू नये.

किल्ला पाहून आल्यावर सारा दिवस मोकळा राहतो. गावात कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे. त्यांचा मृत्यू 1729 साली झाला. चुंबकीय वेधशाळाही याच गावी आहे. ती 1904 साली येथे सुरू झाली. मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेजवळून विजेच्या ट्रामगाड्या धावणार होत्या, आणि त्यांच्यामुळे नाजूक चुंबकसूच्यांचे वेध बिघडले असते. म्हणून एका कुलाब्याची उपकरणे अशी दुसऱ्या कुलाब्याच्या शेजारी आली.

दुपारी दोन-अडीचच्या सुमारास मात्र पुन्हा किनाऱ्यावर या. सकाळी आजींची घोडागाडी जेथून गेली, तेथे आता होडी तरंगत असेल. वाळूत एक काठी रोवा, पाणी तिच्या कितव्या पेऱ्याला लागले ते दर पंधरा मिनिटांनी वहीत टिपा, आणि पूर्ण भरतीची वेळ पाऊणकीपासून किती मिनिटांनी चुकली ते काढा.

स्वाध्याय

1. वद्य षष्ठीला पूर्ण ओहोटी सुमारे किती वाजता येईल? त्या दिवशी आजींना किल्ल्यावर न्यावे काय? कारणे देऊन लिहा.
2. ‘तटाचे दगड चुन्याने सांधले नाहीत, म्हणून तट टिकला.’ हे विधान तुमच्या शब्दांत समजावून सांगा.
3. तुमच्या गावाजवळची नदी, घाट किंवा बेट निवडा. तेथे जाण्याचा बेत आखताना सर्वांत आधी कोणाची सवड पाहावी लागेल, ते दहा ओळींत लिहा.