खोल्यांची कीर्द

पोरा, मुंबईची नोकरी सोडून उमरठच्या घरात पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्यास, बरं केलंस. तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीवर डोकं ठेवून माणसं लगेच परत फिरतात. त्यातली काही आता मुक्कामाला राहतील. गाद्या-चादरींचं काकूला विचार. माझा जन्म दुकानाची कीर्द लिहिण्यात गेला, मी वहीचंच बोलणार.

बँकेत आले तेवढेच मिळाले, असं धरू नकोस. समज, बुकिंगच्या अ‍ॅपवरून कोणी २००० रुपये भाड्याने दोन रात्री राहिला. झाले ४०००. अ‍ॅपची दलाली १५ टक्के धर, म्हणजे ६००, आणि त्या दलालीवर १८ टक्के जीएसटी, १०८. तुझ्या खात्यात येणार ३२९२. पण कीर्दीत जमेला ४००० लिही आणि खर्चाला ७०८. अ‍ॅपवाले सरकारला तुझा आकडा कळवतात तो कापण्याआधीचा. जीएसटी नोंदणीची वर्षाला २० लाखांची मर्यादासुद्धा त्याच आकड्यावर मोजतात. शिवाय दलालीत किती जातंय हे रोज डोळ्यांसमोर राहिलं, की थेट फोन करून येणाऱ्याला किती सूट द्यायची ते तुझं तुला ठरवता येईल. अ‍ॅपला पॅन मात्र पहिल्याच दिवशी दे. वर्षाची उलाढाल ५ लाखांच्या आत असली तर मग ते प्राप्तिकर कापत नाहीत. पॅन नसला तर ५ टक्के कापून मोकळे होतात.

बयाण्याचं पान वेगळं ठेव. माघ वद्य नवमीला तानाजींची पुण्यतिथी, मग मे महिन्याची सुट्टी, ६ जूनला रायगडावर राज्याभिषेक दिन. या दिवसांचे पैसे लोक आधीच पाठवतात. पाहुणा उंबरा ओलांडेपर्यंत ते पैसे तुझे नव्हेत, त्याचं देणं आहे. मार्चमध्ये आलेला मेचा बयाणा चालू वर्षाच्या कमाईत घुसडलास, तर ३१ मार्चला नफा फुगलेला दिसेल आणि मेमध्ये खोल्या भरून वही रिकामी. पावसात तर हे पान फार जपायचं. आंबेनळी घाटात दरड आली की महाबळेश्वरहून येणारा निघतच नाही, आणि पैसे परत मागतो. जुलै २०२१ मध्ये दरडींनी काय केलं ते आपण पाहिलंय. त्या दिवसांत कोणाचे पैसे अडकवून ठेवू नयेत, आणि खर्चून बसलेला माणूस परत तरी कुठून करणार?

घरचा तांदूळ फुकट नसतो, हे काकूला पटत नाही, तुला पटू दे. पाहुण्याच्या ताटात गेलेला तांदूळ, नाचणी, कोंबडी पोलादपूरच्या बाजारात ज्या भावाने मिळते त्या भावाने मागच्या पानावर टिपून ठेव. करासाठी नव्हे, जेवणाचा दर ठरवायला. नाहीतर ३०० रुपयांचं ताट २०० ला वाढशील आणि पाहुणे खूश आहेत म्हणून आनंदात राहशील.

गणपतीला, शिमग्याला मुंबईचे आपलेच भाऊबंद त्या खोल्यांत झोपणार. त्यांच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, पण वहीत तारीख टाकून रक्कम शून्य लिहायची. वर्षअखेर खोली किती रात्री विकली गेली आणि किती रात्री नात्यात गेली, ते कळलं पाहिजे. तुझा बाप यावर हसेल. हसू दे.

खातं वेगळं उघड, क्यूआर कोडही त्याच खात्याचा लाव. घराला पैसे लागले तर महिन्याच्या एका तारखेला ठरलेली रक्कम उचल आणि ती तुझ्या नावे लिही. गल्ल्यातून तेल-मीठ आणायला सुरुवात झाली, की हिशेब संपला.

आणि मे महिन्याच्या पैशातच पावसाळ्याचे चार महिने काढायचे आहेत. वीजबिल, हाताखालच्या बाईचा पगार, इन्व्हर्टरची बॅटरी हे पाहुणा नसला तरी चालूच राहतं. मिरगाआधी कौलं शाकारायची रक्कम बाजूला काढल्याशिवाय नफा हा शब्द तोंडातून काढू नकोस.

प्राप्तिकराचा अर्ज स्वतः भरत बसू नकोस, महाडला सल्लागार आहेत. पण त्यांच्याकडे जाताना रोजची लिहिलेली वही घेऊन जा. आठवणीतून सांगितलेल्या आकड्यावर सही करू नकोस.