ट्रॅफिकमध्ये झिजतो तो बेल्ट

बिनगिअरच्या स्कूटरची सवय आपल्याला लावली ती ऐंशीच्या दशकात पुण्याच्या कायनेटिक होंडाने. पुढे हळूहळू गिअर गेले आणि त्यांचं काम एका रबरी बेल्टवर आलं. बेंगळुरूत स्कूटर चालवताना आणि गॅरेजच्या बाकड्यावर बसून ती उघडलेली पाहताना जे कळलं, ते असं.

१. नुसत्या किलोमीटरवर जाऊ नका. बेल्टचं आयुष्य साधारण २० ते २५ हजार किलोमीटर धरतात. मोकळ्या रस्त्याला तो हिशोब ठीक. सिल्क बोर्डच्या चौकात रोज सरपटणाऱ्या गाडीला तो लागू पडत नाही. वेग कमी असताना बेल्ट पुढच्या पुलीच्या पार तळाशी असतो, लहानशा वळणावर सारखा दुमडतो आणि तापतो. इंजिन तासभर चालतं, किलोमीटर मात्र जेमतेम वाढतात. इथे दहा-बारा हजारांवर बेल्टचं कव्हर उघडून बघावंच.

२. निघताना गाडी थरथरली की मेकॅनिक लगेच म्हणतो, "बेल्ट गया सार." बहुतेक वेळा तो क्लच असतो, त्याचे शू गुळगुळीत झालेले असतात. बेल्टची तक्रार वेगळी. चाळीस-पन्नासच्या पुढे आवाज वाढतो, वेग वाढत नाही. हेब्बाळचा फ्लायओव्हर चढताना हे चांगलं कळतं.

३. खात्री करायची सोपी युक्ती: कव्हर काढून पुढच्या पुलीच्या उतरत्या पृष्ठभागावर, मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत, मार्करने एक रेघ ओढायची. कव्हर लावून मोकळ्या रस्त्यावर एकदा गाडी पूर्ण पळवून आणायची आणि पुन्हा उघडायचं. बेल्ट जिथवर चढला तिथवर रेघ पुसली जाते. चांगला बेल्ट ती जवळपास कडेपर्यंत पुसतो. झिजून अरुंद झालेला बेल्ट पुलीच्या दोन थाळ्यांमध्ये खोल बसतो, वरपर्यंत येतच नाही. म्हणून टॉप स्पीड जातो. मात्र पुढच्या पुलीतले रोलर चपटे झाले असले तरी रेघ अर्धीच पुसली जाते, तेव्हा तेही काढून पाहावेत. बेल्टची रुंदी व्हर्नियरने मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडली की वाद मिटतो.

४. नवा बेल्ट आणण्याआधी जुन्याची चौकशी करा. माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथेच. दातांच्या बेचक्यात बारीक चिरा असतील तर वय झालं, दुसरं काही नाही. कडा आरशासारख्या चकाकत असतील तर तो घसरत होता. बहुधा ग्रीस किंवा ऑइल लागलंय. ते क्रँकच्या सीलमधून येतंय, गिअरबॉक्सच्या सीलमधून येतंय की कुणी मागच्या पुलीत ग्रीस ठासून भरलंय, हे शोधल्याशिवाय नवा बेल्टही तसाच जाईल. एकच कड खाल्लेली दिसली तर थाळ्यांवरून बोट फिरवा, खाच लागेल. कव्हरमध्ये काळी भुकटी भरपूर आणि हवेच्या वाटेवरचा फोम धुळीने बंद, हे तर मेट्रोची कामं चाललेल्या रस्त्यांवर नेहमीचंच. रोलर स्वस्त असतात, बेल्टबरोबर तेही बदलून टाकावेत.

५. बसवताना मागची पुली हाताने फाकवून बेल्ट तिच्यात खोल दाबायचा, म्हणजे पुढे सैल पडतो. तसं न करता नट आवळला तर बेल्ट थाळ्यांत चिमटतो. नट घट्ट वाटतो, पण पुढे ढिला होतो आणि दांड्याचे दाते खातो. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने ठेवायचा.

६. सप्टेंबर २०२२ मध्ये बेळ्ळंदूर आणि आउटर रिंग रोड पाण्याखाली गेले, तसं पाणी दिसलं तर गाडी घालू नका. कव्हरमध्ये पाणी शिरलं की इंजिन ओरडतं, गाडी जागेवर. अशा वेळी ॲक्सिलरेटर पिळला तर बेल्ट जळतो. कडेला घ्या, पाणी निथळू द्या.

७. इलेक्ट्रिक घेतली म्हणजे बेल्ट सुटला असं नाही. बेंगळुरूच्याच एथरच्या ४५० गाडीत मागचं चाक दातेरी बेल्टच फिरवतो. तो घसरत नाही, पण त्याचा ताण आणि दातांत अडकलेली खडी बघावी लागते.

८. सुटे भाग जेसी रोडवर मिळतात, पण बेल्ट गाडीच्या मॉडेलचा पार्ट नंबर बघूनच घ्या. काम झालं की जुना बेल्ट मागून घ्या आणि त्या दिवसाचं किलोमीटर सीटखाली पट्टीवर लिहून ठेवा.