पिनबॉलची पुनर्रचना : पाठनिष्ठेचा एक आधुनिक प्रश्न

१

जुन्या ग्रंथाची विश्वसनीय प्रत सिद्ध करणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न मराठी अभ्यासकाला नवा नाही. शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. मधल्या सुमारे तीनशे वर्षांत शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले आणि यापुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये, असे बजावले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेली व १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती निराळ्या शिस्तीची आहे. स्वीकृत संहितेतून वगळलेले पाठही तिने तळटीपांत व परिशिष्टांत जतन केले. हाच प्रश्न आज संगणकावरील एका खेळाच्या निमित्ताने नव्याने उभा राहिला आहे. त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

पिनबॉलचे पूर्वरूप जे बॅगाटेल, ते अनेक मराठी घरांना परिचित आहे : उतरता लाकडी पाट, त्यावर ठोकलेले खिळे, गुणांचे कप्पे आणि गोळी उडविणारी स्प्रिंग. स्प्रिंगच्या दांड्याचे पेटंट १८७१ मध्ये अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी घेतले. १९४७ मध्ये गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात प्रथम फ्लिपर आले आणि पडत्या गोळीला परत वर धाडण्याचे सामर्थ्य खेळणाऱ्याच्या बोटांत आले. दैवाच्या खेळात कौशल्याचा प्रवेश झाला तो येथे.

पुढे हा खेळ संगणकावर आला. सिनेमॅट्रॉनिक्सने तयार केलेला आणि मॅक्सिसने प्रकाशित केलेला ‘फुल टिल्ट! पिनबॉल’ १९९५ चा. त्यातील तीन पटांपैकी ‘स्पेस कॅडेट’ हा पट मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ च्या पूरक संचात दिला व नंतर एक्सपीपर्यंतच्या अनेक आवृत्त्यांत समाविष्ट केला. त्यामुळे भिलाईसारख्या पोलादनगरीपासून लहान तालुक्याच्या गावापर्यंत जेथे जेथे एक्सपीचे यंत्र पोहोचले, तेथे तेथे, इंटरनेट असो वा नसो, हा खेळ आपोआप पोहोचला. २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टात मात्र तो नव्हता.

३

तो का वगळला गेला, याविषयी मायक्रोसॉफ्टमधील प्रोग्रामर रेमंड चेन यांनी २०१२ मध्ये सांगितलेली हकीगत पाठचिकित्सेच्या दृष्टीने उद्बोधक आहे. ६४-बिट प्रोसेसरसाठी खेळाचे रूपांतर करताना गोळी अडथळ्यांना न अडता भुतासारखी आरपार जाऊ लागली. ती स्प्रिंगच्या दांड्यातूनही खाली घसरे आणि पटाबाहेर पडे. चेन यांच्या मते दशांश संख्यांच्या गणितातील सूक्ष्म फरक याच्या मुळाशी असावा. आज्ञावली बाहेरच्या संस्थेने लिहिलेली होती आणि तीत स्पष्टीकरणात्मक टिपा नव्हत्या. त्यामुळे दोषाचे स्थान सापडले नाही.

याच्या उलट घडलेला दुसरा प्रसंगही चेन यांनीच सांगितला आहे. संगणक वेगवान झाले तसा हा खेळ शक्य तितक्या वेगाने चित्रे रेखाटीत राहिला व विनाकारण सारा प्रोसेसर व्यापू लागला. तेव्हा चेन यांनी सेकंदाला १०० चित्रांची मर्यादा घातली. खेळणाऱ्याला काहीच फरक जाणवला नाही.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की एक तत्त्व हाती येते. पहिल्यात आज्ञावली राखण्याचा यत्न होता, तरी खेळ नष्ट झाला. दुसऱ्यात आज्ञावली बदलली, तरी खेळ अबाधित राहिला. म्हणजे खेळाची संहिता त्याच्या अक्षरांत वा चित्रांत सामावत नाही. ती गोळीच्या वर्तनात असते. फ्लिपरवरून गोळी कोणत्या कोनाने उसळते, बंपरवर किती वेग घेते, पटाला किती धक्के दिले असता ‘टिल्ट’चा दंड होतो, हीच या कृतीची ओवी होय. भिलाईच्या विद्यार्थ्याला पोलादाचे वजन समजावून सांगावे लागत नाही. संगणकातील गोळीला मात्र वजनच नाही. तिचे जडत्व हा केवळ एक नियम आहे, आणि तो चुकला की पोलाद क्षणात धुके होते.

४

२०२१ मध्ये एका स्वतंत्र प्रोग्रामरने एक्सपीमधील तयार प्रोग्रामचे पृथक्करण करून त्यापासून वाचनीय आज्ञावली पुन्हा लिहून काढली. मूळ लेखकाची वही हाती नसताना सिद्ध ग्रंथावरून ती अनुमानाने उभी करण्यासारखे हे काम आहे. या आज्ञावलीमुळे खेळ आता विंडोजबाहेरच्या संगणकांवरही चालतो. चित्रे व ध्वनी यांच्या मूळ फायली मात्र तीत नाहीत. त्या खेळणाऱ्याने स्वतः आणावयाच्या असतात.

येथे शाखाभेदाचा प्रश्नही उपस्थित होतो. ‘फुल टिल्ट’मध्ये चित्रे अधिक रेखीव असून एकाच वेळी अनेक गोळ्या खेळविता येतात. विंडोजमधील पाठ त्या मानाने संक्षिप्त. तरीही बहुसंख्यांच्या स्मरणात हा दुसरा पाठच ‘मूळ’ म्हणून रुजला आहे. कर्त्याचा पाठ प्रमाण मानावा की लोकांत रूढ झालेला? नव्या आज्ञावलीने दोन्ही शाखांच्या फायली स्वीकारण्याची सोय ठेवली आणि निवड खेळणाऱ्यावर सोपविली. हे भांडारकरी शिस्तीशी जुळणारे आहे.

आधुनिक खेळाडूसाठी पुनर्रचना करणाऱ्याला मोह होतो तो एकनाथांनी निषेधिलेल्या ओवीचा : पट रुंद करावा, गोळी मंद करावी, अवघड ध्येये सोपी करावीत. असे रूपांतर करण्यास हरकत नाही. मात्र त्याला रूपांतर म्हणावे. पुनर्रचना म्हणविणाऱ्या कृतीने तीन बंधने पाळावीत. गोळीचे वर्तन मुळाशी ताडून पाहावे. केलेला प्रत्येक बदल नोंदवावा. आणि मुळातील दोष सुधारला, तरी तो पुन्हा पाहता येईल अशी वाट ठेवावी.

हस्तलिखिताला वाळवी लागण्यास शतके लागत. हा खेळ निर्मितीनंतर अवघ्या बारा वर्षांत नव्या यंत्रांवरून नाहीसा झाला होता. मराठीतील आरंभीचे प्रोग्राम, अक्षरसंच व शैक्षणिक खेळ याच वेगाने मागे पडत आहेत. भिलाईत आयआयटी आहे. भाषाविभागांजवळ पाठचिकित्सेची परंपरा आहे. या दोन विद्या एकत्र आल्या, तर टिपांअभावी गोळी हरवण्याची वेळ पुढील पिढीवर येणार नाही.